मराठी जिभेने कल्पित भाषा: उच्चारापासून पहिल्या वाक्यापर्यंत

'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेसाठी रचलेल्या डोथ्राकी भाषेतला सगळ्यात प्रसिद्ध शब्द जगभर चुकीचा उच्चारला जातो. मालिकेत तो 'कालीसी' असा ऐकू येतो. भाषेच्या स्वतःच्या नियमाने तो चार अक्षरांचा आहे: ख़ा-ले-ए-सि (ख़ उर्दू 'ख़बर'मधला), आणि जोर पहिल्या ख़ा वर. चूक झाली ती रोमन स्पेलिंगमुळे. दोन ई शेजारी दिसले की डोळा इंग्रजी सवयीने 'ई' वाचतो. डोथ्राकीत मात्र प्रत्येक स्वर वेगळा म्हणायचा असतो.

अशा कल्पित, म्हणजे चित्रपट-कादंबऱ्यांसाठी रचलेल्या, भाषा शिकताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. जिभेला जमत नाही म्हणून त्या होत नाहीत. रोमन अक्षरं आपण इंग्रजीसारखी, किंवा व्हॉट्सॲपवरच्या मराठीसारखी वाचतो, म्हणून होतात. नागपूरच्या माणसाच्या तोंडात मराठी, हिंदी आणि कानावर उर्दू, पाली असं सगळं असतं. कल्पित भाषांतले निम्म्याहून जास्त ध्वनी त्याला आधीच येतात. ते कुठे वापरायचे आणि कुठे आवरायचे, एवढं कळलं की सुरुवात सोपी होते.

आधी भाषा ठरवा

एका वेळी एकच भाषा घ्या. दोन भाषांत एकच रोमन अक्षर दोन वेगळ्या ध्वनींसाठी येतं आणि कच्च्या टप्प्यावर त्यांची भेसळ होते.

लोकांशी बोलायचं असेल तर क्लिंगॉन घ्या. मार्क ओक्रांड यांनी 1984च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी ती पूर्ण रचली आणि 1985 मध्ये व्याकरणासह शब्दकोश छापला. नियम एका जागी, लेखी, पक्के आहेत. तोंडाला लवकर वळण लावायचं असेल तर नावी बरी. 2009च्या 'अवतार'साठी ती पॉल फ्रॉमर यांनी बनवली, आणि तिचे प, त, क अगदी मराठीसारखे आहेत. डोथ्राकी आणि त्याच मालिकेतली हाय व्हॅलिरियन या दोन्ही डेव्हिड पीटरसन यांच्या. पहिली उच्चाराला सोपी आहे. दुसरी व्याकरणाला जड: नामाचे चार वर्ग, आठ विभक्ती, आणि एकवचन-अनेकवचनाशिवाय 'थोडे' आणि 'सगळे मिळून' अशी आणखी दोन वचनं. शाळेत संस्कृत आवडलं असेल तर तीही आवडेल. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर हाय व्हॅलिरियनचा अभ्यासक्रम 2017 मध्ये आणि क्लिंगॉनचा 2018 मध्ये आला. दोन्हींचं माध्यम इंग्रजी आहे.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांच्या क्वेन्या आणि सिंदारिन या सगळ्यात सुंदर, हे आमचं प्रामाणिक मत. पण त्या बोलण्यासाठी नव्हे, वाचण्या-लिहिण्यासाठी घ्याव्यात. टॉल्किन 1973 मध्ये गेले. तोवर ते व्याकरण सतत बदलत राहिले, आणि त्यांची टिपणं नंतर हळूहळू छापली गेली. एकाच प्रत्ययाचे दोन अर्थ दोन काळांतल्या टिपणांत सापडतात. म्हणून क्वेन्याची वही करताना प्रत्येक रूपाशेजारी ते कुठल्या काळातलं आहे ते लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आपल्याकडची किलिकीही आहे. 'बाहुबली'साठी मदन कार्की यांनी ती रचली. तिच्यात जीभ टाळूवरून सोडवून काढायचे टिचकीसारखे ध्वनी येतात. हळहळताना आपण 'च्च् च्च्' करतो तो त्याच जातीचा ध्वनी, फक्त किलिकीत तो शब्दाच्या आत बसवावा लागतो.

साहित्य आणि वेळ

एक दोनशे पानी वही, हातात मावेल असा आरसा, फोनचा रेकॉर्डर, वायरचे इयरफोन आणि टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी. एवढंच लागतं. रोज 20 ते 25 मिनिटं पुरतात. रविवारी एकदम दोन तास बसण्याने उच्चार सुधारत नाही, घसा मात्र बसतो. विशेषतः ख़ आणि क़ च्या सरावात (या खुणांचे उच्चार पहिल्या पायरीत दिले आहेत).

नागपूरकरांना एक खास सूचना. मार्च ते जून कूलर चालू असताना रेकॉर्डिंग करू नका. ख़, थ़, फ़ हे ध्वनी म्हणजे हवेच्या घर्षणाचा आवाज, आणि कूलरचा आवाजही त्याच प्रकारचा. रेकॉर्डिंगमध्ये नेमके हेच ध्वनी बुडतात आणि आपण बरोबर म्हटलं की चूक ते कळत नाही. पाच मिनिटं कूलर बंद करा, नाहीतर पहाटे बसा. फोन तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवा, म्हणजे महाप्राणाची फुंकर माइकवर आपटत नाही.

पहिली पायरी: स्वतःची देवनागरी खूण-पद्धत

शब्द शिकण्याआधी हे करा. निवडलेल्या भाषेची पूर्ण वर्णयादी वहीच्या पहिल्या पानावर रोमनमध्ये लिहा आणि प्रत्येकापुढे देवनागरी खूण ठरवा. पुढे प्रत्येक नवा शब्द दोन्ही लिप्यांत लिहायचा, पण म्हणताना बघायचं फक्त देवनागरीकडे. या लेखात वापरलेल्या खुणा अशा आहेत:

- ख़ आणि ग़: घशातून घासून येणारे, उर्दूतल्या 'ख़बर' आणि 'ग़ज़ल'मधले.
- क़: पडजिभेपाशी अडणारा, 'क़लम'मधला.
- थ़ आणि ध़: जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवून काढलेले, इंग्रजी 'थिन' आणि 'दिस'चे.
- च़: 'चाक'मधला. नुक्त्याविना (खालच्या टिंबाविना) च म्हणजे 'चहा'मधला.
- ऽ: स्वर लांबवा.
- ': घसा क्षणभर बंद करा.

मराठी कीबोर्डवर नुक्ता सापडला नाही तर फोनमध्ये हिंदी कीबोर्ड जोडा.

तीन नियम मोडायचे नाहीत. पहिला, अनुस्वार वापरू नका. न्, म्, ङ् जे असेल ते स्पष्ट लिहा. दुसरा, शेवटचं व्यंजन असेल तर पाय मोडा, नाहीतर नंतर वाचताना तिथे 'अ' आहे की नाही हे आठवत नाही. तिसरा, रोमन 'ए' (a) दिसला की 'आ' लिहा. या भाषांत आपल्या 'घर'मधला अ सहसा नसतोच. ऱ्हस्व आणि दीर्घ आ वेगळे दाखवायला दीर्घापुढे ऽ लावा: क्वेन्यातला 'ताऽरि', म्हणजे राणी. ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, म्हणून त्यांच्या दीर्घ रूपालाही हीच खूण.

या पद्धतीचा फायदा क्लिंगॉनमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. तिथे रोमन लहान आणि मोठी अक्षरं हे वेगळे ध्वनी आहेत. लहान क्यू म्हणजे क़, मोठा क्यू म्हणजे क़ आणि घर्षण एकत्र. टाइप करताना फोन आपणहून वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो आणि शब्दच बदलतो. ती सोय सेटिंगमधून बंद करा.

दुसरी पायरी: फुकट मिळालेले ध्वनी ओळखा

डोथ्राकीचे त, द, न, ल दंत्य आहेत. म्हणजे आपले त आणि द, जसेच्या तसे. इंग्रजी माध्यमातून शिकणारा मराठी मुलगा तिथे सवयीने ट आणि ड म्हणतो, कारण 'टी' आणि 'डी' आपण तसे शिकलो. क्लिंगॉनमधला मोठा डी मात्र खरोखर मूर्धन्य आहे, आपला ड. आणि तिथला मोठा एस म्हणजे ष, जीभ मागे वळवून. बोलताना बरेच जण ष आणि श एकच करतात, म्हणून स्तोत्र म्हणताना 'कृष्ण', 'विष्णु'मध्ये जीभ जिथे जाते ती जागा लक्षात ठेवा आणि तिथे थांबून ष लांबवा.

नावीचा त्स म्हणजे आपला च़. इथे एक सापळा आहे जो इंग्रजी पुस्तकं सांगणार नाहीत, कारण तो फक्त आपल्यासाठी आहे. मराठीत आ, ओ, उ च्या आधी च़ सहज येतो (चाक, चोर, चुना), पण इ-ई आणि ए च्या आधी जीभ आपोआप तालव्य च कडे सरकते. नावीत 'चार'ला च़िङ् म्हणतात. मराठी तोंडातून तो 'चिङ्' होतो. च़ा-च़ो-च़ू आधी म्हणा आणि तीच जीभ न हलवता च़ि, च़े वर या.

उलटा सापळा डोथ्राकीत. तिथला च नेहमी 'चहा'चा. पण 'माथ़्चोमारोओन्' या अभिवादनात पुढे ओ आल्यामुळे आपण 'चोर'सारखा च़ो म्हणून मोकळे होतो. रोमन 'जे'चंही तसंच: 'जाळ'चा ज नको, 'जीव'चा हवा, पुढे कोणताही स्वर येवो.

द्वित्त हा आपला मोठा ठेवा. क्वेन्यात 'आना' म्हणजे कडे, 'आन्ना' म्हणजे देणगी. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक ऐकूसुद्धा यायला वेळ लागतो. 'पका' आणि 'पक्का' वेगळे म्हणणाऱ्याला तो विनासायास येतो. पाली वंदना ज्यांच्या घरी रोज होते त्यांना तर 'गच्छामि', 'सब्ब' अशी द्वित्तं नीट थांबून म्हणायची सवयच असते. तोच ठहराव क्वेन्यात आणि डोथ्राकीत न्या.

तिसरी पायरी: गल्लत होणारे ध्वनी वेगळे करा

ख आणि ख़. चाचणी सोपी आहे: ध्वनी लांबवता येतो का? ख लांबवला की पुढचा 'अ'च लांबतो. ख़ पाच सेकंद नुसत्या हवेवर धरता येतो. डोथ्राकीतलं 'केएच' म्हणजे ख़, क्लिंगॉनमधला मोठा एच म्हणजे ख़, सिंदारिनमधलं 'सीएच' म्हणजेही ख़, च कधीच नाही. हिंदी बोलताना आपल्याकडे 'खबर' असा सरळ ख सर्रास चालतो, त्यामुळे शब्द माहीत असूनही ध्वनी वेगळा पडत नाही. शब्द सोडा, नुसता ध्वनी धरा.

थ आणि थ़ यांनाही हीच चाचणी. 'टीएच' पाहिलं की मराठी हात थ लिहितो, कारण आपण स्वतःचं नाव तसं लिहितो. थ़ साठी आरशात जिभेचं टोक दातांच्या मधून दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर तो थ आहे. ध़ म्हणजे तीच जागा, फक्त कंठ गुणगुणता ठेवायचा. गळ्यावर बोट ठेवून खात्री करा.

व दोन आहेत. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून एक, ओठ चंबूसारखे गोल करून दुसरा. आपला मराठी व या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि म्हणून दोन्ही ठिकाणी चुकीचा ठरतो. क्लिंगॉन आणि नावी दोन्हींत हा फरक अर्थ बदलतो. आरसा घ्या, ओठ बघा, कानावर विसंबू नका.

फुंकर किती हवी, हे टिश्यूच्या पट्टीवर पाहा. पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरा. नावीचे प, त, क म्हणताना ती हलायला नको. क्लिंगॉनचा प म्हणताना ती उडायला हवी. क्लिंगॉनचा त हा दंत्य नाही, जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर लावून जोरात हवा सोडायची.

चौथी पायरी: नवे ध्वनी, एकेक करून

इथे घाई केली की चुकीचं वळण पक्कं होतं. दर आठवड्याला एकच नवा ध्वनी घ्या.

*शब्दारंभीचा ङ.* नावीत 'तू' म्हणजे ङा. 'अंग' म्हणा आणि ग येण्याआधी थांबा: अङ्... तिथेच गुणगुणत राहा. आता पुढे आ जोडा: अङ्ङा. मग सुरुवातीचा अ मनात म्हणा, तोंडाने नाही. हमखास चूक म्हणजे 'ङ्गा', मध्ये ग घुसतो. क्लिंगॉनच्या स्वतःच्या नावातही हीच चूक होते. तिथे '-ङान्' आहे, '-ङ्गान्' नाही.

*क़.* 'का' पासून सुरू करा, मग 'कू', मग 'कॉ'. जीभ मागे मागे जाताना जाणवेल. आणखी एक पायरी मागे, पडजिभेपाशी, जीभ टेकवा. तोंड उघडं ठेवून आरशात पाहिलं तर जिभेचा मागचा भाग वर चढलेला दिसतो. नीट उर्दू बोलणारा मित्र असेल, मोमिनपुऱ्यात असे बरेच भेटतील, तर त्याच्याकडून 'क़लम', 'क़िस्मत', 'हक़' म्हणवून रेकॉर्ड करून घ्या. शेवटी येणारा क़ सगळ्यात उपयोगी, कारण 'नुक़्नेख़्' सारख्या क्लिंगॉन शब्दात तो व्यंजनाच्या आधी बंद होतो. हा शब्द अभिवादन म्हणून वापरतात, शब्दशः अर्थ 'तुला काय पाहिजे?'. मोठ्या क्यूसाठी क़ सोडतानाच तिथे घर्षण होऊ द्या. 'क़्ख़ाप्ला'' म्हणजे यश. शेवटी घसा बंद करायला विसरू नका.

*क्लिंगॉनचा त्ल़.* ल ची जीभ लावा. आवाज बंद करून नुसती हवा दोन्ही कडांनी जाऊ द्या. हा कुजबुजता ल दोन दिवस पक्का करा. मग जिभेच्या कडाही दातांना चिकटवून हवा अडवा, आणि टोक न सोडता कडा झटक्यात मोकळ्या करा. चुका तीन प्रकारच्या होतात: टोक आधी सुटतं आणि 'त्ल' ऐकू येतं, जीभ मागे जाते आणि 'क्ल' होतं, किंवा मध्ये स्वर शिरून 'तल' होतं. ऐकून कोणती झाली ते ओळखा, उपाय आपोआप कळतो.

*नावीचे ढकल-ध्वनी.* रोमनमध्ये प, त, क पुढे एक्स लावून लिहितात, म्हणून नवखे लोक 'पक्स', 'टक्स' वाचतात. खरं काम घशाचं आहे. पूर्ण श्वास सोडा. घसा बंद करा, जड बादली उचलताना होतो तसा. घसा बंद असतानाच क म्हणा. एक टणक, कोरडा ठोका येईल. श्वास रोखलेला असतानाही ध्वनी निघाला तर तुम्ही बरोबर आहात. ख किंवा ट निघत असेल तर घसा उघडा राहतोय. 'काल्त्'ई' हे नावीतलं नमस्कार, त् नंतरची खूण याच ढकलीची, जोर शेवटच्या अक्षरावर, आणि तो शेवटचा स्वर सैल, इंग्रजी 'बिट'मधला.

*स्वररूप र आणि ल.* नावीत 'वेळ' म्हणजे क्र्र् आणि 'दिवस' म्हणजे त्र्र्. मध्ये किंवा शेवटी कुठलाही स्वर नाही. इथे ऋ वर भरवसा ठेवू नका, मराठीत आपण तो 'रु' म्हणतो आणि हिंदीत 'रि'. क ची जागा सोडताच जीभ थरथरवा, बस.

*गोल ओठांची ई.* सिंदारिन आणि हाय व्हॅलिरियनमध्ये वाय हा स्वर आहे. ई म्हणा, जीभ तिथेच ठेवा, ओठ ऊ सारखे गोल करा. क्वेन्यात मात्र वाय म्हणजे साधा य.

पाचवी पायरी: आघात, लघु-गुरूंच्या हिशेबाने

मराठीत जोर देऊन अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो. ऐकणाऱ्याला ते सपाट वाटतं. क्वेन्या-सिंदारिनचा नियम मात्र वृत्तं शिकलेल्याला लगेच समजतो. दोन अक्षरी शब्दात जोर पहिल्यावर. त्याहून लांब शब्दात शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर शेवटून तिसऱ्यावर. गुरू म्हणजे दीर्घ किंवा संयुक्त स्वर, किंवा पुढे जोडव्यंजन.

इसिल्दुर: सि च्या पुढे ल्द, म्हणून गुरू, जोर 'सिल्' वर. एलेन्ताऽरि: जोर 'ताऽ' वर. देनेथ़ोर: 'ने' लघु, म्हणून जोर 'दे' वर. आन्कालिमा: 'लि' लघु, जोर 'का' वर. एक फरक लक्षात ठेवा. मराठी वृत्तांत ए आणि ओ नेहमीच गुरू धरतात, इथे नाही. 'देनेथ़ोर'मध्ये 'ने' गुरू धरला की जोर चुकीच्या जागी जातो. तसंच रोमन 'टीएच' दोन अक्षरी दिसलं तरी ते एकच व्यंजन आहे. देवनागरीत थ़ लिहिलं की हा घोटाळा उरत नाही.

डोथ्राकीत शब्द व्यंजनान्त असेल तर जोर शेवटच्या अक्षरावर: आराख़्, म्हणजे वक्र तलवार, जोर 'राख़्' वर. स्वरान्त असेल तर पहिल्यावर, पण शेवटून दुसरं अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर त्यावर. क्लिंगॉनमध्ये क्रियापदात साधारणपणे मूळ धातूवर जोर येतो, आणि घसा-बंदीने संपणारं अक्षर जोर ओढून घेतं. नावीत नियम नाही. प्रत्येक शब्दाबरोबर जोर पाठ करा आणि वहीत त्या अक्षराखाली रेघ मारा.

सहावी पायरी: वाक्य

व्याकरण इथे सगळं मांडता येणार नाही, पण मराठी असण्याचा फायदा कुठे मिळतो तेवढं सांगितलं पाहिजे.

'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजी पुस्तकं यावर पानं खर्च करतात. नावीत 'आयोए' म्हणजे आम्ही, 'आउङा' म्हणजे आपण. क्वेन्यातही दोन्हींना वेगळे प्रत्यय आहेत. टॉल्किनच्या कादंबरीतल्या एका गाजलेल्या अभिवादनात पहिल्या आवृत्तीत 'ओमेन्तिएल्मो' होतं, नंतर ते 'ओमेन्तिएल्वो' केलं गेलं. आजचे शिकणारे -ल्व- ला 'आपली' भेट आणि -ल्म- ला 'आमची' भेट असं वाचतात. समोरच्याला 'आमची भेट' म्हणणं किती विचित्र, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

'ने' प्रत्यय. नावीत सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला -ल लागतो आणि कर्माला -ति. 'ओएल् ङाति कामेइए', म्हणजे 'मी तुला पाहतो', मनापासून. पण आपला 'ने' भूतकाळात येतो ('रामाने आंबा खाल्ला'), नावीचा तिन्ही काळांत. वर्तमानकाळी वाक्यात तो गाळणं ही मराठी शिकणाऱ्याची ठरलेली चूक आहे.

'होऊन राहिलं'. नागपुरी बोलीतला हा प्रयोग प्रमाण मराठीत वेगळा वाटेल, पण क्लिंगॉनमध्ये तो घरचा आहे. तिथे काळ नाही, क्रिया चालू आहे की संपली एवढंच क्रियापदाला लागतं. चालू असेल तर '-ताख़्'. 'क़ाष्ताख़् नुक़्?' याचं सगळ्यात चपखल मराठी भाषांतर: 'काय होऊन राहिलं?'

शब्दक्रमात मात्र सावध राहा. क्लिंगॉन वाक्य कर्म-क्रियापद-कर्ता असं चालतं. 'पुक़् लेग़् याष्' म्हणजे अधिकारी मुलाला पाहतो. 'याष् लेग़् पुक़्' म्हटलं की मूल अधिकाऱ्याला पाहतं. मराठीत 'ला' असल्यामुळे आपण शब्द पुढे-मागे केले तरी चालतं, क्लिंगॉनमध्ये 'ला' नाही. क्रम बिघडला की अर्थ उलटतो. पहिले तीन आठवडे प्रत्येक वाक्य उजवीकडून डावीकडे बोट ठेवून तपासा: शेवटचा कोण, त्याने काय केलं, कोणाला केलं.

रोजचा सराव

पाच मिनिटं नवा ध्वनी, पाच मिनिटं गल्लतीच्या जोड्या, दहा मिनिटं ऐकून लगेच मागे म्हणणं, उरलेल्या वेळात दोन वाक्यं लिहून रेकॉर्ड करणं. ऐकण्यासाठी शक्यतो भाषा रचणाऱ्याचा स्वतःचा आवाज निवडा. नट संवाद पाठ करतात, वेळ कमी असतो, आणि त्यांच्या चुका प्रेक्षकांच्या तोंडी बसतात. फोनच्या वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तर कधीच विचारू नका. ते रोमन अक्षरं इंग्रजी म्हणूनच वाचतं.

शनिवारी आठवड्यातलं पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. दोन-तीन जण मिळाले तर अंबाझरी किंवा तेलंखेडीच्या बागेत संध्याकाळी बसा आणि हा खेळ करा: एकाने ख किंवा ख़, त किंवा थ़ असं जोडीतलं एक म्हणायचं, बाकीच्यांनी पाठ करून बसून कोणतं ते लिहायचं. दहापैकी नऊ वेळा ओळखता येईपर्यंत पुढच्या जोडीला हात लावू नका. कानाला फरक कळल्याशिवाय जीभ तो टिकवत नाही.

लिपी, आणि गोंदवण्यापूर्वी

क्लिंगॉनची लिपी येत नसली तरी अडत नाही, शिकणारे बहुतेक रोमनमध्येच लिहितात. टॉल्किनची तेंग्वार मात्र जरूर शिका. तिची 24 मूळ अक्षरं आपल्या वर्णमालेसारखी उच्चारस्थानावर मांडलेली आहेत: तवर्ग, पवर्ग, कवर्ग, आणि क्वेन्यात चौथा क्व चा वर्ग. अक्षराचा गोल कंस दुहेरी केला की अघोषाचा घोष होतो, दांडी वर नेली की घर्षण येतं. स्वर अक्षरावर मात्रेसारखे बसतात. आठवडाभरात वाचता येते.

घोटाळा होतो तो एकाच लिपीच्या अनेक पद्धतींमुळे. क्वेन्यात मात्रा आधीच्या व्यंजनावर बसते, आपल्यासारखी. सिंदारिनमध्ये ती पुढच्या व्यंजनावर चढते. शिवाय त चं दुहेरी कंसाचं अक्षर सिंदारिनमध्ये द वाचतात, क्वेन्यात न्द. इंटरनेटवर मिळणारे आयते फॉन्ट या फरकाची पर्वा करत नाहीत. कीबोर्डवर नाव टाइप करून फॉन्ट बदलला की नुसती अक्षरांची चित्रं येतात, वाचण्याजोगा शब्द येत नाही.

लग्नपत्रिकेवर, अंगठीवर किंवा हातावर काही कोरून घ्यायचं असेल तर आधी भाषा ठरवा, मग पद्धत. शब्द देवनागरी खुणांत लिहा, एकेक व्यंजन मोजा, प्रत्येक मात्रा कुणावर बसते ते बाणाने दाखवा, आणि स्वराला व्यंजन मिळत नसेल तिथे नुसती दांडी काढा, दीर्घासाठी लांब. तयार झालेली आकृती लिपी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाला मूळ शब्द न सांगता वाचायला द्या. त्याने जे वाचलं ते तुमच्या वहीतल्या शब्दाशी अक्षरशः जुळलं, तरच बर्डीवरच्या गोंदवणाऱ्याकडे जा.